तोफा, अंगणवाड्या आणि आपोआप वाढणारा खर्च

स्वतंत्र भारताचं पहिलं अंदाजपत्रक अर्थमंत्री आर. के. षण्मुखम चेट्टी यांनी २६ नोव्हेंबर १९४७ रोजी मांडलं. ते पुऱ्या वर्षाचंही नव्हतं. १५ ऑगस्ट ते ३१ मार्च अशा साडेसात महिन्यांचं होतं. एकूण खर्च १९७ कोटी ३९ लाख रुपये. त्यातले ९२ कोटी ७४ लाख संरक्षणाला. म्हणजे रुपयातले सत्तेचाळीस पैसे लष्कराचे. काश्मीरमध्ये लढाई पेटलेली, फाळणीत सैन्याचीही वाटणी चाललेली, त्यामुळे तेव्हा कुणाला या आकड्याचं नवल वाटलं नसावं.

२०२५-२६ च्या अंदाजपत्रकात केंद्राचा एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटी रुपये धरला होता आणि संरक्षणाची तरतूद होती ६ लाख ८१ हजार कोटी. रुपयातले साधारण साडेतेरा पैसे. लष्कराचा वाटा घटला की तो पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळतो, असं जे पारावर आणि टीव्हीवर सारख्याच आत्मविश्वासानं सांगितलं जातं, ते खरं असतं तर एव्हाना आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत पलंगाला पलंग लागलेले दिसायला हवे होते.

आता १९४७ शी तुलना जरा अन्यायाची आहे हे कबूल. त्या वेळी केंद्र सरकार सैन्य, रेल्वे, टपाल सोडलं तर फारसं काही करतच नव्हतं. त्यापेक्षा राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण पाहणं बरं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपला संरक्षण खर्च देशाच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या वर होता. २०२५-२६ मध्ये तो १.९ टक्के धरला गेला. म्हणजे पस्तीस-चाळीस वर्षांत उत्पन्नाचा टक्काभर हिस्सा लष्कराच्या खात्यातून हलला. याच काळात सरकारी आरोग्य खर्च बराच काळ एक टक्क्याच्या आसपासच घुटमळला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं तो २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. २०२१-२२ मध्ये, कोविडचा सगळा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. शिक्षणावर सहा टक्के खर्च करा असं कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं होतं. ते सहा टक्के आजही प्रत्येक धोरणात नव्यानं लिहिले जातात.

मग लष्कराच्या वाट्यातून सुटलेला पैसा गेला कुठे? त्यासाठी आधी संरक्षणाचा आकडा फोडून पाहायला हवा, कारण 'संरक्षण खर्च' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विमानं आणि रणगाडे येतात, आणि तिथेच हिशेब चुकायला लागतो.

संसदेपुढे संरक्षणाचे पैसे चार वेगवेगळ्या मागण्यांमधून जातात: मंत्रालयाचा नागरी खर्च, तिन्ही दलांचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि निवृत्तिवेतन. २०२५-२६ च्या ६ लाख ८१ हजार कोटींपैकी भांडवली खर्च, म्हणजे विमानं, जहाजं, तोफा, बांधकाम वगैरे, १ लाख ८० हजार कोटी. निवृत्तिवेतन १ लाख ६० हजार ७९५ कोटी. महसुली खर्च ३ लाख ११ हजार कोटींच्या वर, आणि त्यातले पगार-भत्ते वगळून उरतात १ लाख १४ हजार कोटी, ज्यात इंधन, दारूगोळा, सुटे भाग, दुरुस्ती, जवानांचं खाणंपिणं सगळं आलं. पगार आणि निवृत्तिवेतन यांची बेरीज मारली तर ती एकूण आकड्याच्या निम्म्याहून जास्त भरते.

म्हणून 'एका रफालच्या पैशात किती शाळा झाल्या असत्या' हे गणित ऐकायला झणझणीत असलं तरी त्यात दम नाही. २०१६ च्या करारात ३६ विमानांसाठी साधारण ५९ हजार कोटी रुपये मोजले गेले. रक्कम मोठीच आहे. पण ती एकदाच द्यायची आणि तीही हप्त्याहप्त्यानं, बऱ्याच वर्षांत. शाळेचं तसं नसतं. शाळेची इमारत हा तिचा सगळ्यात स्वस्त भाग. खरा खर्च शिक्षकांचा पगार, आणि तो दर महिन्याच्या एक तारखेला, पुढची तीस-पस्तीस वर्षं. एक विमान रद्द करून शाळा बांधता येते, चालवता येत नाही. हेच गणित उलट बाजूनंही लागू पडतं: लष्करालासुद्धा विमान घेण्यापेक्षा माणसं पोसणं महाग पडतं.

सातारा, सांगली, कोल्हापूरच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलं आहे. अशा गावांमध्ये बागायत नसलेल्या घराची पडवी, मुलीचं लग्न, धाकट्याचं शिक्षण हे सगळं 'पेन्शनीतून' झालेलं असतं. देशात संरक्षण खात्याचे सुमारे ३४ लाख निवृत्तिवेतनधारक आहेत. त्यात जवान, अधिकारी, त्यांच्या विधवा आणि दारूगोळा कारखान्यांतले नागरी कामगारही आले. खडकी, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा, चांदा इथल्या कारखान्यांच्या वसाहती याच पैशावर उभ्या राहिल्या. लष्करी खर्चाचा मोठा भाग हा अशा तऱ्हेनं ग्रामीण महाराष्ट्राचा, पंजाबचा, गढवालचा कल्याणकारी खर्चच आहे. फक्त तो त्या नावानं कुठल्या अहवालात मोजला जात नाही.

आता व्याजाकडे वळू. याच्याविषयी कुणी मोर्चा काढत नाही, चर्चासत्र घेत नाही. २०२५-२६ मध्ये केंद्राला जुन्या कर्जांवर द्यायचं व्याज होतं १२ लाख ७६ हजार कोटी रुपये. संरक्षणाच्या जवळजवळ दुप्पट. केंद्राच्या प्रत्येक चार रुपयांतला एक रुपया. अन्नधान्यावरचं अनुदान (२ लाख ३ हजार कोटी), खतांचं अनुदान (१ लाख ६७ हजार कोटी), शिक्षण मंत्रालय (१ लाख २८ हजार कोटी), आरोग्य मंत्रालय (जवळपास १ लाख कोटी) आणि रोजगार हमी (८६ हजार कोटी) या साऱ्यांची बेरीज केली तरी ती व्याजाच्या जवळपासही पोचत नाही. शिवाय व्याज हा राज्यघटनेच्या कलम ११२ नुसार 'भारित' खर्च आहे. त्यावर लोकसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. संरक्षणाच्या आणि इतर बऱ्याच खात्यांच्या मागण्या वेळेअभावी गिलोटिन लावून एका झटक्यात मंजूर होतात, त्याला निदान मतदान म्हणता तरी येतं.

मला वाटतं, अंदाजपत्रक वाचायची खरी किल्ली इथे आहे. सरकारी पैसा दोन जातींचा असतो. एक, जो आपोआप वाढतो: व्याज कर्जाच्या कागदांप्रमाणे वाढतं, पगार वेतन आयोगानं आणि महागाई भत्त्यानं वाढतात, निवृत्तिवेतन त्यांच्या मागोमाग जातं. दुसरा, जो कुणीतरी वाढवला तरच वाढतो. आणि या दुसऱ्या जातीत रणगाडा आणि अंगणवाडी शेजारी-शेजारी बसतात. हवाई दलाच्या स्क्वाड्रन कमी झाल्याची ओरड आणि अंगणवाडीताईंचा मानधनासाठीचा संप यांचं मूळ एकच आहे. दोघांचंही ताट वाढायच्या आधी बाकीच्यांच्या पंगती उठून गेलेल्या असतात.

लष्कराच्या बाबतीत हे सरकारलाही पक्कं ठाऊक आहे. 'एक पद, एक निवृत्तिवेतन' ही माजी सैनिकांची चार दशकांची मागणी २०१५ मध्ये मान्य झाली, १ जुलै २०१४ पासून लागू झाली आणि दर पाच वर्षांनी फेरआढावा घ्यायचं ठरलं. म्हणजे आपोआप वाढणाऱ्या खर्चाला आणखी एक चाक लागलं. त्यानंतर सात वर्षांनी, जून २०२२ मध्ये 'अग्निपथ' आली. चार वर्षांची नोकरी, शेवटी सेवानिधीचे साधारण पावणेबारा लाख, पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम, बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही. सैन्य तरुण करायचं हे कारण पुढे केलं गेलं, आणि ते खोटंही नाही. पण आकड्यांची ही पार्श्वभूमी पाहिली की भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या पोरांपर्यंत अर्थखात्याची वजाबाकी कशी पोचली ते कळतं.

कात्री चालवलीच तर वाचलेला पैसा दवाखान्यात पोचेल का, हा पुढचा प्रश्न. आपल्या घटनेच्या सातव्या परिशिष्टात देशाचं संरक्षण केंद्राच्या सूचीत आहे, तर सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्याच्या सूचीत. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं समवर्ती सूचीत गेलं, पण शिक्षकांचा पगार अजून प्रामुख्यानं राज्यंच देतात. म्हणजे तोफेचा खिसा दिल्लीत आणि इंजेक्शनचा खिसा मुंबईत. एकाचा पैसा दुसऱ्यात टाकायचा तर मधे वित्त आयोग, केंद्रपुरस्कृत योजना, त्यातला राज्याचा हिस्सा, उपयोगिता प्रमाणपत्रं असा लांबचा रस्ता आहे. आणि राज्यांचे खिसे काही लहान नाहीत. महाराष्ट्राच्या एकट्या सरकारचा २०२५-२६ चा एकूण खर्च होता ७ लाख २० कोटी रुपये, अख्ख्या देशाच्या संरक्षण तरतुदीपेक्षा जास्त. त्यात 'माझी लाडकी बहीण' या एका योजनेला ३६ हजार कोटी होते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाची वर्षाची सगळी तरतूद होती २६ हजार ८९० कोटी. तेव्हा महाराष्ट्रात कल्याणकारी खर्चाची मारामारी लष्कराशी नसून लाडकी बहीण, शेतीपंपांची वीजमाफी, एसटीची सवलत, कंत्राटदारांची थकलेली बिलं यांच्या आपसात असते.

दोन्ही खिशांची थेट गाठ पडायचा एक प्रसंग अलीकडे येऊन गेला, पण त्याची बातमी फारशी कुठे झाली नाही. एन. के. सिंह यांच्या पंधराव्या वित्त आयोगाला केंद्रानं २०१९ मध्ये, काम अर्ध्यावर आलेलं असताना, आणखी एक प्रश्न दिला: संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेसाठी कायमचा वेगळा निधी उभारता येईल का? राज्यांना धास्ती वाटली, कारण करांच्या वाटणीच्या आधीच संरक्षणाचा हिस्सा बाजूला काढला तर राज्यांच्या वाट्याला येणारा ढीगच लहान होतो. आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी २ लाख ३८ हजार कोटींचा, वर्षअखेर न बुडणारा निधी सुचवला आणि राज्यांचा वाटा ४१ टक्क्यांवर ठेवला. संरक्षण खात्याला अशा निधीची ओढ का, हेही समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे न वापरलेली तरतूद ३१ मार्चच्या रात्री संपते. पाणबुडीचा सौदा मात्र मार्चअखेर बघून होत नाही. २०२४-२५ मध्ये संरक्षणाची भांडवली तरतूद १ लाख ७२ हजार कोटी होती; सुधारित अंदाजात ती १ लाख ५९ हजार ५०० कोटींवर आली.

हा रोग एकट्या संरक्षणाचा नाही. त्याच वर्षी जल जीवन मिशनसाठी ७० हजार १६३ कोटी ठेवले होते. सुधारित अंदाजात उरले २२ हजार ६९४ कोटी. नळ बसले आणि पाणी आलं नाही, टाकी झाली आणि वीजजोडणी राहिली, अशा तक्रारी ज्या तालुक्यातून येत नाहीत तो तालुका शोधावाच लागेल. अशा वेळी 'लष्कराचे पैसे पाण्याला द्या' या घोषणेचं काय करायचं? पाण्याला दिलेलेच पैसे खर्च होत नाहीत.

तोफ आणि भाकरी यांची समोरासमोर झुंज कधी झालीच नाही, असंही नाही. त्यातली सगळ्यात बोलकी ब्रिटनमधली, १९५१ ची. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा जुलै १९४८ मध्ये सुरू झाली होती, सगळं मोफत: डॉक्टर, इस्पितळ, औषध, चष्मा, कवळी. तेव्हाचे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन, वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा, स्वतः खाणीत राबलेला. दोन वर्षांत कोरियाचं युद्ध पेटलं आणि मजूर पक्षाच्याच सरकारनं तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम जाहीर केला. त्याला हातभार म्हणून अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कवळ्या आणि चष्म्यांची निम्मी किंमत रुग्णांकडून घ्यायचं ठरवलं. त्यातून मिळणार होते पूर्ण वर्षाला २ कोटी ३० लाख पौंड. चारशे सत्तर कोटींच्या कार्यक्रमापुढे हा आकडा चिल्लर होता, हे दोघांनाही कळत होतं. गेट्स्केलना दाखवायचं होतं की कोणताच खर्च सोवळ्यात ठेवलेला नाही. बेव्हनना भीती होती की एकदा फी लागली की ती उतरत नाही. एप्रिलमध्ये बेव्हननी राजीनामा दिला, पाठोपाठ हॅरोल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन यांनी. सहा महिन्यांत पक्षाची सत्ता गेली.

या गोष्टीचा उत्तरार्ध क्वचित सांगितला जातो. बेव्हन म्हणत होते की एवढी शस्त्रं बनवायला देशात यंत्रं, कच्चा माल आणि कारागीरच नाहीत, त्यामुळे हा पैसा खर्च होणारच नाही. पुढे सत्तेवर आलेल्या चर्चिल यांच्या सरकारला तो कार्यक्रम खरोखरच लांबवावा लागला. शस्त्रांचा कार्यक्रम आटला. कवळीवरची फी राहिली ती राहिलीच.

आपल्याकडे तशी घडी आली ती १९६२ नंतर. चीनच्या युद्धातल्या नाचक्कीनंतर नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९६३-६४ च्या अंदाजपत्रकात संरक्षणाला ८६७ कोटी रुपये दिले गेले. आदल्या वर्षीच्या मूळ तरतुदीच्या दुपटीहून जास्त. पैसा उभा करायला अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सक्तीची बचत योजना आणली, कंपन्यांच्या जादा नफ्यावर कर लावला. त्याआधी जानेवारीतच भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आलं होतं: चौदा कॅरटहून जास्त शुद्धतेचे दागिने घडवायचे नाहीत. सोन्याची चोरटी आयात थांबवून परकीय चलन वाचवायचं, असा हेतू. महाराष्ट्रातल्या पेठापेठांतल्या सोनारांच्या भट्ट्या विझल्या. चौदा कॅरटचं सोनं कडक, त्यावर बारीक काम होत नाही, आणि गिऱ्हाईक त्याला हात लावायला तयार नाही. सीमेवरच्या युद्धाची किंमत सराफ कट्ट्यावर वसूल झाली. पुढे १९६५ चं युद्ध आणि लागोपाठ दोन दुष्काळ आल्यावर पंचवार्षिक योजनेलाच तीन वर्षांची सुट्टी द्यावी लागली. १९६६ ते १९६९ वार्षिक योजनांवर भागवलं गेलं. शाळा, धरणं, दवाखाने यांच्या वेळापत्रकावर लष्करी खर्चाचा असा उघड घाव आपल्याकडे फार वेळा बसलेला नाही, पण त्या वेळी बसला.

तेच चव्हाण १९७० मध्ये अर्थमंत्री झाले, आणि वर्षभरात पूर्व बंगालमधून जवळपास एक कोटी शरणार्थी आले. नोव्हेंबर १९७१ पासून पत्रांवर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागू लागलं, शरणार्थींच्या मदतीसाठी. पत्र टाकणाऱ्या सामान्य माणसानंही ते भरलं. डिसेंबरात युद्ध झालं. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात पाऊस गेला.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्या बोलण्यात अजून मिलो येतो, अमेरिकेतून आलेली ती तांबूस ज्वारी, आणि कामावर मिळणारी सुकडी. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्यांचं मातीकाम. मे १९७३ मध्ये या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. युद्धाच्या खर्चातून नुकताच उठलेला देश, केंद्राची तिजोरी ओढग्रस्तीत, आणि तरीही याच काळात महाराष्ट्रात 'मागेल त्याला काम' ही हमी कायम झाली. कल्पना होती विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची; १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा पहिला प्रयोग झाला होता. या हमीसाठी राज्यानं दिल्लीकडे हात पसरला नाही आणि लष्कराच्या नावानं बोटंही मोडली नाहीत. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. मुंबई-पुण्यातल्या पगारदारांकडून, वकील-डॉक्टरांकडून, व्यापाऱ्यांकडून कर घ्यायचा, त्यात राज्यानं आपली तेवढीच भर घालायची आणि तो पैसा माणदेशातल्या, मराठवाड्यातल्या मजुराला कामाच्या बदल्यात द्यायचा. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पगाराच्या पावतीवर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, तो हाच कर. कुरकुर करणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो कशापायी आहे हे माहीत नसतं.

ही योजना टिकली ती तिच्यामागे कायदा होता आणि तिचा स्वतःचा कर होता म्हणून. तिला दरवर्षी कुणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या नाहीत. ती आपोआप वाढणाऱ्या खर्चाच्या जातीत जाऊन बसली. याची दुसरी बाजूही आहे. पुढे कामं आटली तरी कर चालूच राहिला, आणि निधीतला पैसा पडून राहिल्याबद्दल सरकारवर टीकाही झाली. २००५ मध्ये केंद्रानं हीच कल्पना देशभर नेली, २०११ पासून मजुरीचा दर शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकाला बांधला, आणि म्हणून महाराष्ट्रातला दर २०२४-२५ मधल्या २९७ रुपयांवरून पुढच्या वर्षी ३१२ झाला. पंधरा रुपये ही काही मोठी वाढ नव्हे, पण त्यासाठी कुणाला रस्त्यावर बसावं लागलं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं तो कायदा बदलून नवा आणला. आता खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांनी उचलायचा आहे. दिल्लीच्या खिशातला खर्च मुंबईच्या खिशात जातो तो असा.

ज्यांच्यामागे असा कायदा नाही, कर नाही, निर्देशांक नाही, त्यांचं काय होतं? अंगणवाडीतल्या बालकाच्या पूरक आहाराचा खर्च २०१७ मध्ये दिवसाला आठ रुपये ठरला, केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे. आठ रुपयांत धान्य, डाळ, तेल, सरपण सगळं. बाजारात एक अंडं सहा-सात रुपयांना पडतं. अंगणवाडी सेविकेच्या मानधनातला केंद्राचा आधार ऑक्टोबर २०१८ मध्ये साडेचार हजारांवर गेला. राज्यं आपापल्या ऐपतीनं, आणि बहुतेक वेळा निवडणुकीच्या तोंडावर, त्यात भर घालतात.

आणि वृद्धापकाळ निवृत्तिवेतन. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी महिना ७५ रुपयांनी सुरू झाला. ती रक्कम पुढे २०० झाली, २००७ च्या सुमारास. दारिद्र्यरेषेखालच्या साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला केंद्र आजही तेवढेच देतं. ऐंशीनंतर ५०० रुपये. महाराष्ट्र श्रावणबाळ योजनेतून भर घालून ते १,५०० करतो, म्हणून आपल्याला केंद्राचा वाटा किती ते जाणवत नाही.

आता एकाच गावातली दोन म्हातारी माणसं डोळ्यांपुढे आणा. एक निवृत्त सुभेदार; दुसरी आयुष्यभर परक्याच्या शेतात खुरपणी केलेली आजी. सुभेदारांचं निवृत्तिवेतन ही खैरात नाही, ते कमावलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं नाकरा खटल्यात १९८२ मध्येच तसं सांगितलं आहे. त्यातला रुपयाही कमी करा असं मी म्हणत नाही. पण बेरीज पाहू. संरक्षण निवृत्तिवेतनाचे १ लाख ६० हजार ७९५ कोटी ३४ लाख माणसांत विभागले तर सरासरी महिना ३९ हजारांच्या आसपास येते. त्यात अधिकारी, उपदान, थकबाकी सगळं मिसळलेलं आहे, त्यामुळे जवानाच्या विधवेच्या हातात याहून बरंच कमी पडतं. सामाजिक साहाय्य कार्यक्रमाचे ९ हजार ६५२ कोटी सुमारे तीन कोटी माणसांत विभागले तर महिना २७० रुपयांच्या आत. पण मला या दरीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकते. सुभेदारांच्या रकमेवर दर जानेवारीत आणि जुलैत महागाई सवलत चढते, कुणी अर्ज करो वा न करो. खुरपणीवालीचे २०० रुपये २००७ मध्ये जिथे होते तिथेच आहेत, आणि त्यांची खरेदीची ताकद आता जेमतेम तिसरा हिस्सा उरली आहे.

ग्रामविकासाच्या संसदीय स्थायी समितीनं ही रक्कम वाढवा असं एकदा नव्हे, अनेकदा लिहून दिलं आहे. त्यासाठी एकही तोफ कमी करावी लागत नाही. १८ वर्षांच्या महागाईची नुसती भरपाई करून ही निवृत्तिवेतनं तिपटीवर नेली आणि इथून पुढे निर्देशांकाला बांधली, तर पहिल्या वर्षी साधारण २० हजार कोटींची भर पडेल. २०२५-२६ च्या आकड्यानुसार केंद्र सरकारचं व्याज रोज साडेतीन हजार कोटी होतं. म्हणजे ही भर सहा दिवसांच्या व्याजाइतकीही नाही.